पायाखालची रहाड

नाशकात पायी फिरायचं म्हटलं की जो भेटेल तो पंचवटीकडे बोट दाखवतो. रिक्षावाले तर ‘रामकुंड ना? बसा’ म्हणत वाटच अडवतात. मला हवं होतं नदीच्या अलीकडचं जुनं नाशिक, गल्लीबोळांतलं.

मेन रोडची गर्दी माझ्याच्याने सोसवत नाही. दुचाकी अंगावर येतात, हॉर्न कानात शिरतो. भांडी बाजारात तांब्या-पितळेचे हंडे बघत जरा हायसं वाटलं. पुढे दहीपूल. खालून सरस्वती नाला जातो हे सांगावं लागतं, पण गोदावरीला पूर आला की नाला आपणहून आठवण करून देतो. सराफ बाजारातल्या जुन्या माणसांना 2008चा पूर विचारून बघा, बोलायचं थांबत नाहीत.

तिवंधा चौकात एका ओट्यावर आजोबा चहा पीत बसले होते. “काका, इथली रहाड कुठे आहे?”

“पाय उचला,” ते म्हणाले.

खाली नेहमीसारखा रस्ता. त्यावर स्कूटर लावलेल्या, एक केळ्यांची गाडी. आणि त्याखाली म्हणे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद! वर लाकडं टाकून, माती लोटून वर्षभर बुजवलेला. उघडायचा तो फक्त रंगपंचमीला, कारण नाशिकचा रंग धुळवडीला नसतोच. फुलांचा रंग कढईत उकळायचा, हौदात सोडायचा, पूजा करायची आणि मग धप्पे. धप्पा म्हणजे अशी उडी, की काठावरच्यांनाही अंघोळ घडली पाहिजे. पूर्वी गावात रहाडी पुष्कळ होत्या, आता मोजक्याच उरल्यात. बाकीच्या रस्त्यांखाली, घरांखाली गेल्या.

तिवंध्याचा रंग पिवळा, शनी चौकाचा गुलाबी. शेजारचा दुकानदार नेमका शनी चौकाचा निघाला. कुठला रंग अंगावर जास्त दिवस टिकतो, यावरून दोघांची अशी जुंपली की मला कुणी विचारेना. माझ्यासाठी मात्र न मागता चहा आला, पैसे घेतले नाहीत. एवढ्या जुन्या गोष्टीची चौकात पाटी मला तरी दिसली नाही. नाही तेच बरं. पाटी लागली की तिच्यापुढे फोटोवाल्यांची रांग लागेल.

नंतर सरकारवाडा, सुंदरनारायण मंदिर आणि तिखटजाळ मिसळ. काझीच्या गढीपाशी मात्र फार थांबवलं नाही. ढासळत्या मातीच्या अगदी कडेला घरं आहेत, दर पावसाळ्यात तिथल्या लोकांना हलवायची वेळ येते, आणि आपण खालून मान वर करून ती बघत उभं राहायचं. नको वाटलं.

निघताना काकांनी आग्रह केला होता, “रंगपंचमीला या. आमच्याकडेच उतरा. जुने कपडे तेवढे आणा.”

मी म्हटलं, मला पोहता येत नाही.

“मग शनी चौकात जा,” दुकानदाराकडे बघत ते म्हणाले.