दातांची तार आणि आमच्या गावचे पाणी

माझ्या मुलीच्या दातांना तार बसवल्यावर पहिल्या दीड महिन्यात तीन ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवायला दातांवर चिकटवतात ते छोटे तुकडे, निघाले आणि तिन्ही वेळा मी दोष तिच्या खाण्याला दिला. एकदा शाळेतून येताना खाल्लेल्या बोरांना, एकदा फुटाण्यांना आणि तिसऱ्यांदा, काहीच कारण सापडेना तेव्हा, तिच्या खोटे बोलण्याला. चौथा ब्रॅकेट मात्र माझ्या समोर, वरणभात खाताना सुटला. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नागपूरला जायला एसटीने साडेतीन तास लागतात. त्या प्रवासभर ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि सुटलेला ब्रॅकेट तारेवर मण्यासारखा फिरत असल्याचे जिभेने चाचपत होती. डॉक्टर मॅडमनी तिचा दात कापसाने कोरडा केला, दिव्याखाली बराच वेळ पाहिला आणि मला विचारले, "लहानपणी ही हातपंपाचे पाणी प्यायची का?"

प्यायचीच. आमच्या घरासमोरच हातपंप आहे आणि त्याचे पाणी गोड लागते म्हणून शेजारच्या आळीतले लोकही तेच भरत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, हे मी शाळेत मुलांना शिकवत आले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, हेही मला पाठ आहे. परंतु कायमचे दात हिरडीखाली घडत असण्याच्या वयात असे पाणी पोटात गेले तर दातांच्या वरच्या थरावर, म्हणजे एनॅमलवर, पांढरट किंवा तपकिरी पट्टे येतात, एवढेच मला ठाऊक होते; त्याचा ब्रॅकेट सुटण्याशी संबंध असेल हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मुलीच्या दातांवरचे पट्टे इतके फिकट आहेत की ओल्या दातावर ते दिसतच नाहीत.

मॅडमनी समजावले ते असे. ब्रॅकेट चिकटवण्यापूर्वी दातावर फॉस्फोरिक आम्लाचा जेल काही सेकंद लावून ठेवतात. त्याने एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, धुऊन वाळवल्यावर तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो आणि चिकटवण्याचे द्रव्य त्या छिद्रांत शिरून पक्के बसते. फ्लोराइड जास्त शोषलेले एनॅमल मात्र आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे पकड कच्ची राहते. अशा दातांना जेल अधिक वेळ ठेवणे, पृष्ठभाग हलकासा घासून घेणे, चिकटद्रव्य वेगळे निवडणे असे उपाय असतात आणि ते केल्यावर आमचा त्रास पुष्कळ कमी झाला. म्हणून आपल्या भागातल्या पालकांना माझे पहिले सांगणे हे आहे की, मूल कोणत्या गावात वाढले आणि कोणते पाणी प्याले, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच भेटीत सांगावे. मुलीची मी त्या दिवशी बसस्थानकावर माफी मागितली. तिने ती लगेच दिली नाही.

तार बसवण्याचा विचार मुळात आम्ही उशिरा केला. तिची एक दुधाची दाढ कीड लागून वेळेआधी काढावी लागली होती, तेव्हा सासूबाईंचे म्हणणे होते, "दुधाचेच त होते, पडनारच होते." सगळ्या गावाचे मत असेच असते आणि माझेही तेच होते. दुधाची दाढ केवळ चावण्यासाठी नसते, खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातासाठी ती जागा धरून ठेवते. ती लवकर गेली की मागची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. त्या वेळी जागा राखणारी एक साधी तारेची कडी बसवली असती तर पुढचे बरेचसे टळले असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ येते. त्यानंतर, म्हणजे सातव्या वर्षापर्यंत, मुलाचे दात एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवावेत असे सांगतात. दाखवले म्हणजे लगेच तार लागते असे नव्हे, बहुतेकांना नुसते थांबायला सांगतात. पण अंगठा चोखण्याची सवय, तोंडाने श्वास घेणे, खालचा जबडा मागे राहणे या गोष्टी वाढीच्या वयातच पकडाव्या लागतात, कारण जबड्याची वाढ थांबल्यावर नुसत्या तारेने हाड वाढत नाही. पुढे आलेले वरचे दात पडल्या-झडल्यावर अधिक सहज तुटतात, हेही आमच्यासारख्या कबड्डीवेड्या गावात लक्षात ठेवण्यासारखे आहे. "लग्नाच्या वयात बघू" या वाक्यात ही सारी वर्षे निघून जातात.

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बी.डी.एस. झाल्यावर याच विषयात तीन वर्षांचे एम.डी.एस. केलेला दंतवैद्य. तालुक्याच्या गावी असे तज्ज्ञ बहुधा महिन्यातून ठराविक दिवशी बाहेरून येतात. त्यात वावगे काही नाही, मात्र मधल्या काळात तार टोचली किंवा ब्रॅकेट निघाला तर कोणाकडे जायचे, हे आधीच विचारून घ्यावे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात. खासगी दवाखान्याच्या मानाने तिथे पैसे कमी लागतात, वेळ अधिक जातो, आणि शिकणारे डॉक्टर उत्तीर्ण होऊन गेले की आपली फाइल दुसऱ्यांच्या हाती जाते. कुठेही गेलात तरी एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो यांशिवाय कोणी पहिल्याच भेटीत तार बसवायला निघाले, तर उठून घरी यावे.

आमच्या घरातला सर्वांत मोठा वाद दात काढण्यावरून झाला. जागा अगदीच अपुरी असल्यामुळे चार उपदाढा, वरच्या दोन आणि खालच्या दोन, काढाव्या लागतील असे मॅडमनी एक्स-रे दाखवून सांगितले होते. सासूबाई म्हणाल्या, "चांगले दात काहाले उपटता? डोये जातीन पोरीचे." वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत आमच्याकडे इतकी खोल आहे की शिकलेली माणसेही हळूच विचारतात. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगवेगळ्या आहेत. दात काढल्याने दृष्टीला काहीही होत नाही. उलट प्रश्न विचारायचा असेल तर तो असा विचारावा, की दात न काढता जागा मिळवण्याचा दुसरा मार्ग या मुलाच्या बाबतीत आहे का, आणि नसेल तर का नाही. प्रत्येकाचे दात काढावे लागतातच असे नाही.

दात सरकतो कसा, हे कळल्यावर मला या उपचाराकडे पाहण्याची वेगळीच दृष्टी मिळाली. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे एक पातळ आवरण असते. तारेचा हलका, सतत दाब ज्या बाजूला पडतो तिथले हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवे हाड घडवणाऱ्या. म्हणजे दात हाडातून ओढून काढला जात नाही, त्याच्यापुढचे हाड हटते आणि मागे नवे तयार होते. हे काम शरीर आपल्या गतीने करते, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. "जरा जास्त आवळून द्या, आम्ही लांबून येतो," अशी विनंती मीही केली होती. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या की जोर वाढवला तर मुळाभोवतीचा रक्तपुरवठाच दबतो, दात अडून बसतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात ती यामुळे.

चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते, आणि आमच्याकडे तारखा चुकतात त्या हंगामामुळे. सोयाबीन काढणीला आले, कापूस फुटला, बाया मिळेनात, की दातांची तारीख पहिली पुढे ढकलली जाते. घरात जूनमध्ये पेरणीसाठी पैसा लागतो, तेव्हा हप्ताही थकतो. आम्ही एकूण खर्च आणि त्यात काय काय धरले आहे (निघालेले ब्रॅकेट, तार काढल्यावर दात जागी धरून ठेवणारे रिटेनर, एक्स-रे) हे कागदावर लिहून घेतले आणि मोठा हप्ता कापूस विकल्यानंतरचा ठरवला. कोणत्याही डॉक्टरांना हे सांगण्यात संकोच वाटू देऊ नये.

खाण्याचे नियम छापील कागदावर मिळतात, पण त्यात पॉपकॉर्न आणि च्युइंगम असते. हुरडा, ऊस, बोरे, भाजलेले हरभरे आणि रोडग्याचा कडक पापुद्रा नसतो. आमच्या घरात ठरले ते असे: भाकर वरणात चुरून, पेरू फोडी करून मागच्या दातांनी, संत्रे बेलाशक, ऊस दोन वर्षे बंद. सुपारी कोणत्याही रूपात नाही. आपल्याकडे शाळकरी मुलेही खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खातात, हे लपवण्यात अर्थ नाही. सुपारीच्या खांडांनी ब्रॅकेट तुटतात ते सोडाच, तंबाखू हिरड्यांचे आणि पुढे तोंडाचे जे करते त्यापुढे वाकडे दात ही फार किरकोळ गोष्ट आहे.

घासण्याबाबत मी कठोर झाले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिले तर तिथल्या एनॅमलमधले क्षार निघून जातात आणि तार काढल्यावर प्रत्येक दातावर पांढऱ्या डागाची चौकट राहते, जी सहजी जात नाही. ब्रश तारेच्या वरून एकदा, खालून एकदा फिरवायचा आणि फटींसाठी बाटली धुण्याच्या ब्रशाची इवलीशी आवृत्ती मिळते ती वापरायची. फ्लोराइडची टूथपेस्ट आमच्या भागात वापरावी का, ही माझी शंका होती. दात घडून गेल्यावर नवे पट्टे पडत नाहीत, आणि थुंकून टाकायच्या पेस्टने कीड रोखली जाते, असे उत्तर मिळाले.

तार बदलल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात. मऊ खाणे, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी पुरते. टोचणाऱ्या टोकावर लावायचे मेण दवाखान्यातून मागून घ्यावे. एकदा रात्री अकरा वाजता तारेचे टोक गालात रुतू लागले तेव्हा पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने ते हळूच दाबून आम्ही सकाळपर्यंत निभावले.

बावीस महिन्यांनी तार निघाली. खालच्या दातांना आतून बारीक तार चिकटवून दिली आणि वरच्यांसाठी पारदर्शक, काढता-घालता येणारे रिटेनर. दाताभोवतीचे हाड आणि हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागी स्थिरावायला वर्षभरही लागते आणि तोवर दात मागे फिरू पाहतात, हे आम्हाला नीट सांगितले होते. दिवाळीच्या सुमारास मुलीला ताप आला. सासूबाईंनी तिची ताट-वाटी उकळून काढली आणि मायेपोटी रिटेनरही त्याच पातेल्यात टाकले. बाहेर काढले तेव्हा ते वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखे आकसले होते. लगेच जायला हवे होते. पण वेचणी सुरू होती, माझ्या सुट्या संपल्या होत्या आणि "दात त सरळच दिसतात" असे मीच म्हणाले. पाच आठवड्यांनी गेलो तेव्हा वरचा एक पटाशीचा दात डोळ्याला दिसेल इतका वळला होता. त्या दातासाठी पुन्हा चार महिने अर्धवट तार घालावी लागली.

आता दोन रिटेनर आहेत. एक ती रात्री घालते, गार पाण्याने आणि ब्रशने धुते. दुसरे डबीत बंद असून कपाटाच्या वरच्या फळीवर, सासूबाईंचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवलेले आहे, आणि त्याबद्दल त्या माझ्यावर अजून रागावलेल्या आहेत.