सहा शिलाई मशिनं आणि एक गोधडी

आमच्या बचत गटाकडे सहा शिलाई मशिनं आहेत. चार वर्षांपूर्वी तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले आणि गावात एकदम बावीस शिवणाऱ्या झाल्या. बाविसावीने ब्लाऊज शिवायचा कुणाचा? वर्षभरात शिलाईचा दर निम्म्यावर आला. आता मशिनं ग्रामपंचायतीच्या खोलीत मेणकापडाखाली झाकून आहेत. शिवण सोडून दुसरं काही शिकवता येतं का, ते बघायला परवा पहाटेच्या एसटीने वाईहून पुण्याला गेले.

स्वारगेटला उतरून मेट्रो धरली. जमिनीखालची ही मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पूर्वी स्वारगेटहून कसब्यात जायचं म्हणजे रिक्षावाल्याशी वाद ठरलेला. कसबा पेठ स्टेशनातून वर आले आणि तांबट आळी कानांनीच शोधली. ठक्‌ ठक्‌ ठक्‌. तांबट पक्ष्याला ते नाव का पडलं, ते इथे उभं राहिलं की कुणी सांगावं लागत नाही. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या कारागिरांची ही वस्ती. हंडे, घंगाळी, बंब इथे घडायचे. पुढे स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, गिझर आला. आता दिव्यांच्या शेड, तबकं, जग असा माल जास्त दिसतो.

एका दारात विशीतला मुलगा जग मठारत होता. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचा ठोका ठोक्याला चिकटून पडायला हवा, मध्ये जागा सुटता कामा नये. मठारल्याने नुसती चमक येत नाही, पत्रा कडकही होतो. फार कडक झाला की तापवून पुन्हा मऊ करायचा. त्याला शिकवणारे काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सहा महिने झाले. अजून रांग वाकडी जाते." मुलगा मान खाली घालून हसला. मी मनातल्या मनात आमचे तीन महिने मोजले.

तिथून मंडईवरून चालत बुरुड आळी. वाटेत चहा, तो वाईट होता.

बुरुड आळीत एका मावशींच्या पायाशी तासभर बसले. कोयत्याने बांबू उभा फाडायचा, मग त्याच्या पातळ बेळा काढायच्या. बेळ सुटते तेव्हा फुटाणा फुटल्यासारखा बारीक आवाज होतो. मावशींच्या डाव्या तर्जनीला चिकटपट्टी होती, तिच्याखाली जुनी, तिच्याखाली आणखी जुनी. "भिजवून ठेवायचा बांबू, नाहीतर भुंगा लागतो," त्या म्हणाल्या. आतलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरतं, मग किड्याला खायला उरत नाही. नवरात्रात परड्या, लग्नसराईत रुखवताची सुपं, एरवी टोपल्या.

"पोरी शिकतात का?" मी विचारलं.

"शिकतील की. पण बांबू ठेवायचा कुठं? एवढी खोली."

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. मी योजनेचं काढलं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू बनवणारेही आहेत. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये. हातात आधीच कोयता असलेल्याला ते चांगलंच. पण आमच्या गावातल्या बाईने कोयता फक्त नारळावर चालवलेला. पाच दिवसांत तिचं बोट कापून होईल, सूप व्हायचं नाही.

दुपारी पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीत गेले. अरुंद बोळ, पायऱ्या, कुकरच्या शिट्ट्या. एका मंडळाच्या खोलीत गोधडीचा वर्ग चालतो, दोन ते पाच, कारण सकाळची धुणीभांडी आटोपून बाया तेव्हाच मोकळ्या होतात. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, तिथेही शिवणाचे वर्ग होते. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी बाईच्या हाताला काम द्यायचं म्हटलं की आपल्याला सुईदोराच सुचतो. मी जरा नाक मुरडूनच आत गेले, हे कबूल करते.

जुन्या सुती साड्यांचे थर, कडेकडेने निघून आत आत येणारा धावदोरा. कुणीतरी सिंथेटिक साडी आणली होती. शिकवणाऱ्या ताईंनी ती न बोलता बाजूला ठेवली. कोपऱ्यात एक कॉलेजातला मुलगा तयार गोधड्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकत होता. मग ताईंनी एका मुलीला विचारलं, "तुझी कितीला देणार?"

"आठशे."

"किती दुपारी बसलीस?"

"अकरा."

"तीन तासांप्रमाणे तेहेतीस. धुण्याभांड्याचे तासाला काय पडतात?"

"साठ."

फळ्यावर हिशेब मांडला. १,९८० आणि कापड-दोऱ्याचे २५०. मुलीने ओढणी तोंडाला लावली. "एवढ्याला कोण घेतंय, ताई! घरी बसून तर केलंय."

"घेणारं नंतर बघू. आधी आकडा तोंडातून काढ."

तिने तो तीनदा काढला. पहिल्यांदा फरशीकडे बघत, दुसऱ्यांदा खिडकीकडे, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघत, "बावीसशे तीस." माझ्या जिभेवर 'अठराशे' येऊन बसलं होतं, अगदी सवयीने. ते गिळलं आणि पैसे मोजले. आमच्या बावीस जणींना कात्री धरायला शिकवली, मापं घ्यायला शिकवली. हे तीनदा म्हणायला कुणी लावलं नव्हतं.

परतीच्या एसटीत गोधडी मांडीवर. शेजारच्या काकूंनी टाके चाचपून पाहिले, "हाताचे आहेत हो," म्हणाल्या आणि किंमत विचारली. मी सांगितली.

"अगं बाई! आमच्याकडे सासूबाई फुकट शिवतात."

कात्रजचा बोगदा गेला, खेड शिवापूर गेलं, तरी मला उत्तर सुचेना.