छेद केवढा, आणि दुखणे कोणते

कमरेतली गादी सरकून नस दबली की मुंबईत सल्ल्यांना तोटा नसतो, आणि शस्त्रक्रियेचा विषय निघालाच तर चर्चा आधी छेदाच्या लांबीवर येऊन थांबते. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आमच्याकडेही तेच झाले. एका डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली करायची मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे गादीचा बाहेर आलेला तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी दुर्बिणीतून त्याहूनही लहान छेदाची. नातेवाइकांनी साहजिकच लहान छेदाला कौल दिला. निकालांविषयीचे अभ्यास वाचल्यावर मात्र छेदाची लांबी हा या निर्णयातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, असे माझे मत झाले.

नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारीक नळीतून केलेल्या शस्त्रक्रियेची नेहमीच्या मायक्रोडिस्केक्टॉमीशी तुलना केली होती. स्नायूंना कमी इजा म्हणजे लवकर आराम, ही अपेक्षा तिथे खरी ठरली नाही. वर्षभरातले पायाचे आणि पाठीचे दुखणे नळीच्या गटात किंचित जास्तच होते. पुढे २०२२ साली त्याच देशातल्या दुसऱ्या चाचणीत दुर्बिणीची पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी प्रतीची नाही, एवढे दिसले. म्हणजे दुर्बीण वाईट नाही, परंतु तिच्याकडून चमत्काराची अपेक्षाही नको.

खरा प्रश्न दुखते कुठे, हा आहे. नितंबापासून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ, म्हणजेच सायटिका, नसेवरचा दाब काढल्यावर बहुधा लवकर ओसरते. निव्वळ कंबरदुखीवर या शस्त्रक्रियेचा भरवसा देता येत नाही, कारण झिजलेली गादी जागेवरच राहते आणि काढला जातो तो तिचा बाहेर आलेला तुकडा. एमआरआयच्या अहवालात ‘गॅप’ किंवा ‘बल्ज’ (गादीचा फुगवटा) दिसला म्हणून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची निराशा होते ती बरेचदा इथेच. त्रास मुळीच नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असे बदल सर्रास दिसतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ डच रुग्णांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करायचे ठरले आणि उरलेल्यांनी औषधे व व्यायाम यांवर थांबायचे ठरले. २००७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार लवकर शस्त्रक्रिया ठरलेल्या गटाला बरे वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही विसरून चालणार नाही. बाहेर आलेला तुकडा शरीर कित्येकदा स्वतःच विरघळवते, म्हणून थांबण्याला अर्थ आहे; मात्र थांबणे लांबतच गेले तर पारडे फिरते. दुखणे चार ते बारा महिने रेंगाळलेल्या १२८ रुग्णांच्या २०२० सालच्या कॅनेडियन चाचणीत सहा महिन्यांनंतर पायाच्या दुखण्याची तीव्रता शस्त्रक्रियेच्या गटात दहापैकी २.८ होती, तर शस्त्रक्रियेशिवाय उपचार ठरलेल्या गटात ५.२.

अर्थात लघवी अडली, गुदाभोवतीचा भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

दादाला पायाचा त्रास होता आणि तो महिनोन्महिने चाललेला होता, कल्याणहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने येणे अशक्य झालेले होते. त्याने अखेर मायक्रोडिस्केक्टॉमीच निवडली, तीही ती नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडे. कळ शुद्धीवर आल्यावरच गेलेली त्याला जाणवली. पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र पुष्कळ दिवस टिकला, कारण दबलेली नस सावकाश सुधारते, आणि कंबर अजूनही फार वेळ बसल्यावर कुरकुरते. त्याच जागी तुकडा पुन्हा बाहेर येण्याची शक्यता साधारण पाच ते पंधरा टक्के मानली जाते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. सध्या तो सकाळी गर्दीआधीची लोकल पकडतो, आणि वजन उचलण्याची कामे माझ्याकडे आली आहेत.