इंजिन कुठे बसवायचे? बहुउपयोगी कौटुंबिक गाडीची जडणघडण

फियाटची ‘६०० मुल्तिप्ला’ ही १९५६ साली आलेली गाडी जेमतेम साडेतीन मीटर लांबीची होती आणि तरीही तिच्यात सहा माणसे तीन रांगांत बसत. हे शक्य झाले याचे कारण ६३३ सीसीचे छोटे इंजिन तिच्या मागच्या टोकाला होते आणि पुढे बॉनेट नावाचा भागच नव्हता. चालक थेट पुढच्या चाकांच्या वर बसत असे. अपघातात त्याच्या पायांपुढे पत्र्याखेरीज काही नव्हते, हा या रचनेचा गंभीर दोष होता. फोक्सवॅगनच्या १९५० सालच्या व्हॅनचेही इंजिन मागेच होते, त्यामुळे तिथली जमीन उंच झाली आणि मागून सामान चढवताना ते इंजिनाच्या वर उचलून ठेवावे लागे. कौटुंबिक गाडीत माणसांना किती जागा मिळणार, हे आसनांच्या आधी इंजिनाची जागा ठरवते, असे माझे ठाम मत आहे आणि या गाड्यांचा इतिहास मी त्याच दृष्टीने वाचतो.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल एका साध्या मोटारीत घडला. मुल्तिप्लाचे अभियंते दान्ते जाकोझा यांच्याच संकल्पनेतून १९६४ साली आलेल्या ‘ऑटोबियांकी प्रिमुला’मध्ये इंजिन पुढे आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, बसवले होते, त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स जोडला होता आणि चालना पुढच्याच चाकांना दिली होती. १९५९च्या ‘मिनी’मध्येही इंजिन आडवेच होते, पण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात होता. जाकोझांची मांडणी अधिक सुटसुटीत ठरली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट नाहीसा झाला, त्यासाठी जमिनीच्या मधोमध लागणारा उंचवटा गेला आणि सपाट, खालच्या पातळीची जमीन मिळाली. तीन रांगांच्या गाडीला याहून अधिक उपयोगी देणगी कोणी दिली असेल, असे मला वाटत नाही.

क्रायस्लरने १९८३च्या अखेरीस उत्पादनात आणलेल्या ‘डॉज कॅराव्हॅन’ आणि ‘प्लिमथ व्हॉयेजर’ या गाड्या याच मांडणीवर उभ्या होत्या. क्रायस्लरचे हॅल स्पर्लिच आणि ली आयकोका यांनी पुढे नेलेल्या या कल्पनेत व्हॅनची प्रशस्तता होती, पण उंची घरच्या गॅरेजमध्ये मावेल एवढीच होती. सुरुवातीचे २.२ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मात्र भरलेल्या गाडीला अपुरे पडे, म्हणून काही वर्षांत मित्सुबिशीचे ३ लिटरचे व्ही-६ (व्हीच्या आकारात सहा सिलिंडरांचे) इंजिन देण्यात आले. युरोपात १९८४ साली ‘मात्रा’ या फ्रेंच कंपनीने घडवलेली ‘रेनॉ एस्पास’ आली.

टोयोटाने १९९० साली ‘एस्टिमा’मध्ये, जी अन्यत्र ‘प्रेव्हिया’ म्हणून विकली गेली, अगदी वेगळा मार्ग धरला, आणि अभियांत्रिकी म्हणून मला तोच सर्वांत मोहक वाटतो. २.४ लिटरचे इंजिन उभ्या रेषेपासून ७५ अंश कलवून, जवळजवळ सपाट निजवून, पुढच्या आसनांखाली ठेवले होते. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर यांसारखे भाग गाडीच्या नाकात राहिले आणि इंजिनापासून पुढे गेलेला एक स्वतंत्र शाफ्ट त्यांना फिरवत असे. वजनाचा समतोल त्यामुळे उत्तम साधला. परंतु त्या अरुंद पोकळीत व्ही-६ इंजिन बसणे शक्य नव्हते, त्यामुळे अधिक शक्तीसाठी सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, आधार घ्यावा लागला. २०००च्या दुसऱ्या पिढीत टोयोटानेही इंजिन पुढे आडवे बसवले.

सात माणसांचे वजनच सुमारे पाचशे किलो भरते. असा भार जागेवरून हलवायला इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कमाल अश्वशक्तीपेक्षा अधिक कामाचा असतो. टर्बो डिझेल या गाड्यांना मानवले ते यामुळेच, आणि १९९७पासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीने इंधन अति उच्च दाबाने, नेमक्या क्षणी सोडता येऊ लागल्यावर त्याचा खडखडाटही बराच कमी झाला. २००४ साली इंडोनेशियात प्रथम आलेली टोयोटाची ‘इनोव्हा’ मात्र स्वतंत्र चासीवर (खालच्या पोलादी सांगाड्यावर), लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनाची आणि मागच्या चाकांना चालना देणारी राहिली. खराब रस्त्यांवर भार वाहायला ही रचना दणकट असते, पण जमीन उंच राहते. २०२२मध्ये आलेल्या तिच्या नव्या पिढीने चासी सोडून पुढची चालना आणि हायब्रिड (इंजिन व विद्युत मोटर दोन्ही असलेली) यंत्रणा स्वीकारली.

हायब्रिडमुळे जागेचा प्रश्न नव्या रूपात आला आहे. २००१च्या ‘एस्टिमा हायब्रिड’मध्ये मागची चाके स्वतंत्र विद्युत मोटर फिरवत असे, म्हणजे शाफ्टशिवाय चारही चाकांना चालना मिळाली. उलट ‘क्रायस्लर पॅसिफिका’च्या प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड) आवृत्तीत मधल्या रांगेची आसने जमिनीत घडी घालून ठेवण्याच्या खळग्यांत बॅटरी बसवली गेली, त्यामुळे ती आसने उचलून बाहेरच काढावी लागतात. पूर्ण विद्युत गाड्यांत बॅटरी सबंध जमिनीखाली पसरते. तिची जाडी कमी झाली नाही, तर छत उंच करावे लागते किंवा तिसऱ्या रांगेतल्या माणसाला गुडघे वर करून बसावे लागते, आणि अशा गाडीत मी पहिल्यांदा तीच रांग तपासून पाहतो.