आधी बोटं, मग पेन्सिल

इंग्लंडमध्ये ४ वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरपासून शाळेच्या पहिल्या, म्हणजे ‘रिसेप्शन’च्या वर्गात जातं. माझा लेक गेला तेव्हा त्याला कोटाची बटणं लावता येत नव्हती. पेन्सिल मुठीत धरायचा आणि दोन अक्षरं झाली की हात दुखतो म्हणायचा. मी घाबरून त्याच्या बाईंना विचारलं, घरी रोज पानभर गिरवून घेऊ का? त्या म्हणाल्या, नको, आधी बोटांत ताकद येऊ दे. त्यांच्या वर्गात ‘फंकी फिंगर्स’ नावाचा खेळ असतो. चिमट्याने कापसाचे गोळे उचलायचे, मॅकरोनी दोऱ्यात ओवायची, प्लेडो, म्हणजे खेळायचा मऊ गोळा, मळायचा.

ईस्टरच्या सुट्टीत सांगलीला आलो. बॅग भरून चिमटे आणि मणी आणले होते, ते बॅगेतच राहिले. गावभागातल्या आमच्या घरी चुलत बहिणीच्या लग्नाची गडबड होती आणि आई गव्हले करत बसली होती.

ज्यांनी केलेत त्यांना ठाऊक आहे, हे किती नाजूक काम. बारीक रव्याचा घट्ट गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला. त्यातला कणभर तुकडा घ्यायचा, अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत वळायचा, दोन्ही टोकं निमुळती करून परातीत टाकायचा. लेक शेजारी येऊन बसला. त्याचा पहिला गव्हला हरभऱ्याएवढा झाला. आई म्हणाली, “असू दे रे बाळा, वळ.” चौथ्या दिवशी त्याचे गव्हले तांदळापेक्षा जरा मोठे, पण टोकदार होत होते. पेन्सिल धरायला जी बोटं लागतात, तीच तर इथे राबत होती!

मग मी बघतच गेले. तासगावहून आलेल्या बेदाण्यांच्या काड्या काढणं, मोगऱ्याची फुलं ओवणं, समईच्या वाती वळणं, ओलं फडकं पिळून ओटा पुसणं, रांगोळीची चिमूट सोडणं. शेंगा फोडायला त्याला फार आवडलं. दाणे मात्र कुटासाठी आईच्या डब्यात, कारण लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो. ३ वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणीही देऊ नका.

पाटीवर लिहायला आईने मुद्दाम खडूचा बोटभर तुकडा दिला. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. हे मला नव्याने कळलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. शेजारच्या ३ वर्षांच्या मुलीला शाळेतून अक्षरांची पानं गिरवायला येतात. ती रडते, मग तिची आई तिचा हात धरून ती पानं पूर्ण करते. मनगटाची ८ हाडं जन्मतः मऊ कूर्चेचीच असतात, त्यातलं शेवटचं हाड बनायला ८ ते १२ वर्षं जातात. मग या वयात इतकी घाई कशाला? तिला परातीपाशी बसवा ना, कणकेचा गोळा द्या, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावू द्या. वेळ लागेल, सांडासांड होईल, होऊ दे.

निघायच्या आदल्या दिवशी आईने लेकाचे वाळलेले गव्हले निराळ्या डब्यात भरले. रुखवतात ते नाही ठेवायचे, म्हणाली. घरच्या खिरीला हेच घ्यायचे.