आते

आते गेली. जानेवारीत, फिलिपिन्समधल्या इलोइलोला, तिच्या स्वतःच्या घरात. मेसेज आला तेव्हा मी घाटंजीच्या बसमध्ये होते, बाहेर शेताशेतात तुरीचे ढीग लागलेले, आणि मला धड रडता पण आलं नाही कारण बाजूला गावातल्या काकू बसल्या होत्या. त्यांनी विचारलं काय झालं वं, मी म्हटलं आते गेली. त्यांना वाटलं बाबांची बहीण. फिलिपिन्सच्या तगालोग भाषेत आते म्हणजे मोठी बहीण, इंग्लंडात आम्ही दोघी नर्स होतो त्या वॉर्डातले सगळे तिला तेच म्हणायचे, पण बसमध्ये कुठं समजावत बसू, मी नुसती मान हलवली.

मी 2019 ला इंग्लंडला गेले. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेलं, नागपूरला पाच वर्षं ड्यूटी केलेली, पण 2017 ला बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि घरावर जे कर्ज चढलं ते नागपूरच्या पगारात फिटणारं नव्हतं. पोरगी चार वर्षांची होती, तिला आईजवळ ठेवलं. एअरपोर्टवर मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पाहिलंच.

तिथं माझी दुसरी की तिसरी नाइट असेल. पहाटे एक म्हातारे बाबा गेले, नातेवाईक कोणीच नाही. आते म्हणाली चल, आपण दोघी करू. तिनं बेसिनमध्ये पाणी घेतलं आणि त्यात कोपर बुडवून पाहिलं, आपल्याकडं बाळाला न्हाऊ घालताना पाहतात ना अगदी तसं. थंड वाटलं म्हणून ओतून दिलं, पुन्हा गरम भरून आणलं. मी म्हटलं आते, आता त्यांना काय कळणार. तिनं उत्तर दिलं नाही, बाबांनाच म्हणाली, "आता डावा हात पुसते हं, मग कूस बदलवू." प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करायची. बोटांच्या बेचक्या, कानाच्या मागं, सगळं. केस विंचरले, भांग कुठं पाडत होते ते लॉकरवरच्या फोटोत पाहून तसाच पाडला. एवढ्या वर्षांत मला नर्सिंग शिकवणारे खूप भेटले, पण मी नर्स झाले ती त्या पहाटे असं मला वाटतं.

ती 2001 ला आली होती. नवरा जहाजावर, इलोइलोकडचे पुष्कळ पुरुष जहाजावरच असतात, आणि दोन पोरं तिच्या आईकडं, एक सहा वर्षांचा, एक तीनचा. फिलिपिन्समधलं पहिलं नर्सिंग स्कूल 1906 साली तिच्या इलोइलोतच निघालं, हे ती अभिमानानं सांगायची, आणि लगेच म्हणायची की तेव्हापासून आमच्या पोरी दुसऱ्यांच्या आईबापांना सांभाळतायत. दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी गेली तर धाकटा आजीच्या मागं लपला. आजीला आई म्हणत होता आणि हिला मावशी. हे मला तिनं चहा पिता पिता सांगितलं, कप दोन्ही हातांत घट्ट धरून. तेव्हा तो पोरगा चांगला बाप्या झाला होता, तिच्याजवळच राहत होता, तरी सांगताना तिचा आवाज बसला.

माझ्या पोरीनं मला फोनवाली मम्मी म्हणायला सुरू केलं त्या दिवशी मी तिच्याकडंच गेले. तिनं धीरबीर दिला नाही, सरळ काम सांगितलं. रोज एकाच टायमाला व्हिडिओ लाव, फोन डब्याला टेकवून ठेव, आणि जेवलीस का अभ्यास केलास का असं विचारत बसू नको, तू तुझी भाजी चिर, तिला तिचं खेळू दे. नुसती दिसत राहा. आमच्या वेळी हे नव्हतं, स्क्रॅच करायचं कार्ड असायचं आणि बोलता बोलता मिनिटं संपायची, तुला मिळतंय तर वापर. मी तसंच केलं. महिनाभरात पोरगी मधेच मान वर करून "मम्मी, हे पाय" म्हणायला लागली. याची परतफेड मी कशी करणार होते सांगा.

तिच्या घरात पॅसेजमध्ये कायम एक मोठा पुठ्ठ्याचा खोका उघडा असायचा. बालिकबायान बॉक्स म्हणतात त्याला, बाहेर राहणारी माणसं भरून जहाजानं घरी पाठवतात. साबण, टूथपेस्ट, चॉकलेट, टॉवेल, सेलमध्ये दिसलं की खोक्यात. स्वतःला मात्र तोच निळा स्वेटर, कोपरावर रफू केलेला.

आणि तूर! मी सुट्टीवरून अख्खी तूर नेली होती, आईनं पिशवीत बळंच कोंबलेली. आतेनं पिशवी उघडली, दाणे हातात घेतले आणि ओरडलीच, कादयोस! तुरीचं त्यांच्याकडचं नाव. त्यांच्याकडं तूर आणि कच्चा फणस घालून आंबट रस्सा करतात, त्यात डुकराचं मटण असतं, ते तिनं माझ्यासाठी वगळलं आणि आंबटपणाला माझी चिंच घातली. मी तिला सोलेभात सांगितला, ओल्या तुरीचे दाणे घालून केलेला आमच्याकडचा भात. समुद्रापलीकडच्या बेटावरची बाई आणि आमच्या काळ्या मातीतली मी, एकाच दाण्यावर वाढलेलो.

मग कोरोना. त्या दिवसांचं जास्त लिहवत नाही. एवढंच सांगते की अमेरिकेत शंभर नर्सांमागं चारच फिलिपिनो, पण सप्टेंबर 2020 पर्यंत तिथल्या नर्स युनियननं मोजलेल्या 213 मृत नर्सांपैकी 67 फिलिपिनो होत्या. आते ती बातमी दोनदा वाचून फोन उलटा ठेवून वॉर्डात गेली. 8 डिसेंबर 2020 ला इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत मार्गारेट कीनन नावाच्या 90 वर्षांच्या आजीला पहिली लस टोचली ती मे पार्सन्स पण फिलिपिन्सचीच. आते टीव्हीसमोर उभी, मास्क ओला झालेला, आणि म्हणत होती, "बघ, आमची आहे ती, आमची."

मी 2023 ला परत आले. निघताना तिनं आईसाठी एक जाड पिवळा टॉवेल दिला, त्या खोक्यातलाच. रिटायर होऊन ती पण गावी गेली, वऱ्हांड्यात बसायला खुर्च्या घेतल्या होत्या दोन. कॅन्सरनं तिला त्या खुर्चीत एक वर्षसुद्धा नीट बसू दिलं नाही.

त्यांच्यात माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना असते. तिच्या धाकट्यानं मला रोज व्हिडिओवर जोडलं, तिकडं संध्याकाळचे सात, इकडं साडेचार. मी फोन डब्याला टेकवून ठेवायचे आणि शेंगा सोलत बसायचे. भाषा कळत नव्हती, नुसती दिसत राहिले.

नवव्या दिवशी आई म्हणाली, "ते फणस-बिनस आपल्याइकडे कुठं भेटते बापा, म्या सोलेभात केला." तिनं पहिलं पान वाढलं, पळसाच्या पत्रावळीवर, तूप घातलं आणि तुळशीपाशी नेऊन ठेवलं. पोरीनं विचारलं आजी हे कोणाचं. आई पिवळ्या टॉवेलला हात पुसत म्हणाली, "तुह्या मम्मीच्या मोठ्या बहिनीचं."