मागच्या बैठकीवरचा गंज

वेंगुर्ल्याजवळच्या एका तरुण सुताराने बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातली जुनी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पाते वर येणारी विजेवरची करवत, विकत घेतली आणि पावसाळा सरल्यावर घरामागच्या मांगरात उभी केली. माझी नोकरी टूलरूममध्ये मशीन बसवण्यात आणि त्यांची मापे जुळवण्यात गेल्यामुळे गावी परतल्यावरही अशा कामांना मला बोलावणे येते, आणि मी आनंदाने जातो. त्याने फणसाच्या दोन पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या; दोन्हींच्या कापलेल्या कडेवर करपल्याचे काळे चट्टे होते. आदल्या दिवशी तर पात्याने आईनाचा एक तुकडा उचलून त्याच्या मांडीजवळून मागच्या भिंतीवर फेकला होता. "काका, पातां वाकडां आसा, दुसरां काय नाय," असे त्याचे ठाम मत होते आणि नव्या पात्यासाठी त्याने पैसेही बाजूला काढले होते.

अशी तक्रार मी कधीही हलकी मानत नाही. लाकूड ज्या पट्टीला टेकवून पुढे सरकवतात ती फेन्स आणि पाते एकमेकांना समांतर हवेत. पात्याची मागची बाजू फेन्सकडे झुकलेली असेल, तर पुढच्या दात्यांनी कापलेले लाकूड मागे पोहोचताच चिमटले जाते. आणि मागचे दाते खालून वर येत असल्यामुळे ते लाकडाला उचलून कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी १६० किलोमीटरांहून अधिक भरतो.

प्लग काढून तो समोर टेबलावर, दोघांच्या नजरेसमोर ठेवला आणि मगच मशीनला हात लावला. बारीकसा फरकही काट्याने दाखवणाऱ्या डायल गेजचे टोक पात्याच्या सपाट अंगाला लावून पाते हाताने सावकाश फिरवले, तेव्हा काटा जेमतेम ०.०६ मिलिमीटर हलला. म्हणजे पाते सरळ होते आणि ते ज्यावर बसते तो दांडाही ठीक होता. मग एका दात्यावर खडूने खूण केली, टेबलातल्या खाचेत घट्ट सरकणाऱ्या लाकडी पट्टीवर गेज बसवला आणि तोच दाता आधी पुढे व नंतर मागे आणून दोन्हीकडे माप घेतले. दाता तोच ठेवावा लागतो, कारण चांगल्या पात्याचेही सगळे दाते अगदी एका रेषेत नसतात आणि दाता बदलला की मोजमापात दात्यांमधला फरक मिसळतो. पात्याची मागची बाजू फेन्सकडे अर्धा मिलिमीटर झुकलेली निघाली. करपलेल्या कडेचे कारण तिथेच होते.

या प्रकारच्या मशीनमध्ये पात्याचा दांडा आणि तो तिरका करण्याची यंत्रणा बिडाच्या दोन बैठकांवर असते. त्यांना ट्रनियन म्हणतात आणि त्या टेबलाच्या खालच्या अंगाला बोल्टांनी आवळलेल्या असतात. बोल्ट सैल करून, लाकडी हातोडीने हलके ठोके देत आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत फरक ०.०४ मिलिमीटरवर आणला. पुष्कळ लोक इथे थांबतात. मी पाते ४५ अंशांवर झुकवून पुन्हा माप घेतले, तेव्हा फरक ०.३ मिलिमीटर झाला होता.

उभ्या पात्याला समांतर असलेली रेषा पाते झुकवताच बिघडते, तेव्हा दोष बोल्टांच्या आडव्या सरकण्यात नसतो. ज्या अक्षावर पाते झुकते तो अक्षच टेबलाच्या पृष्ठभागाला समांतर नसतो, म्हणजे दोन बैठकांपैकी एक टेबलापासून खाली गेलेली असते. मागची बैठक सोडवली आणि कारण हातात आले. बीड आणि बीड यांच्यामध्ये गंजाचे पापुद्रे साचले होते, त्यांत लाकडाचा भुसा दडपलेला होता. वाहतुकीत बोल्ट ढिले पडून फट उघडली असावी, तीत खारा ओलावा शिरला असावा, आणि पुढे कोणीतरी गंज न काढता बोल्ट तसेच आवळले असावेत. आपल्या किनाऱ्यावर हे फार सहज घडते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की साधे मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळू लागते, आणि पावसाळ्यात इथली हवा त्या रेषेखाली क्वचितच येते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे बंद फटीत तो पाचरीसारखा जोर लावतो.

सुताराने पत्र्याची चीप घालून दुसरी बैठक तेवढीच खाली घेण्याचा उपाय सुचवला. बैठकांचे बीडच सदोष असते, तर मीही तेच केले असते. पण गंजावर तोलून बसवलेले माप टिकत नाही, कारण गंज वाढतच राहतो. आम्ही पापुद्रे खरवडून काढले, रॉकेलने पुसले, बारीक पॉलिश पेपर सपाट दगडी ठोकळ्यावर गुंडाळून बैठक स्वच्छ केली. धातू झिजू नये म्हणून हात हलका ठेवला. दोन्ही पृष्ठभागांवर ग्रीसचा पातळ थर देऊन बैठक जागेवर घेतली आणि रेषा नव्याने जुळवली. आता उभ्या आणि झुकलेल्या, दोन्ही स्थितींत फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत आला. फेन्स खाचेला समांतर लावण्यास फारसा वेळ गेला नाही. टेबलाच्या माथ्यावर मेणाचा हात फिरवला.

कापाच्या फटीत लाकडी पाचर ठेवत फणसाची एक पट्टी चिरून पाहिली. कड पिवळी, स्वच्छ निघाली. तरीही माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. पात्यामागे काप उघडा धरून ठेवणारा स्प्लिटर मशीनवर नव्हता. त्याची पकड होती, पण तीत बसणारी स्प्लिटरची पट्टी आधीच्या मालकाने काढून टाकली होती. तो पात्याच्या पत्र्याहून जाड आणि कापाहून पातळ हवा, म्हणजे इथे २.२ आणि ३.२ मिलिमीटरांच्या मधला. पात्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून स्प्लिटरसाठी अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी करून घ्यायचे ठरले, आणि ती बसेपर्यंत या मशीनवर लांबीत एकही फळी चिरायची नाही, असे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.